दर पेशीला एक अंडं

नवस बोलण्याआधी माणसानं पोटभर जेवून घ्यावं, असं काम्पुन आजी नेहमी सांगायची. उपाशी माणूस देवाला काय वाटेल ते कबूल करून बसतो. तेंग सोमवारी नवस बोलली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, आणि सकाळपासून तिच्या पोटात एक केळं आणि तीन कप कॉफी, एवढाच ऐवज होता.

खोन केन शहरातल्या विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेमागे, चिंचेखाली, पूताचं देवघर होतं. चार खांबांवर उभं, लाल कौलांचं, कबुतरांच्या खुराड्याएवढं. पूता म्हणजे त्या जागेचे आजोबा. शहर वसायच्या आधीपासून जागा त्यांची. पुढे तिथे जे जे आलं, वर्ग, वसतिगृहं, सूक्ष्मदर्शक, ते सगळं त्यांच्या अंगणातलंच. आजोबांना उकडलेली अंडी फार आवडतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं.

तेंगनं चपला काढल्या, नऊ उदबत्त्या पेटवल्या, गुडघे टेकले आणि रीतीप्रमाणे आधी आपलं नावगाव नीट सांगितलं. "मी वासिता, घरचे तेंग म्हणतात, इमारत सात, तिसरा मजला, जिन्याजवळची खोली, आचान रातचनींची विद्यार्थिनी." आचान म्हणजे गुरुजी, ते नाव घेतल्यावर तिनं पुन्हा एकदा हात जोडले. पत्ता एवढा बारकाईनं सांगायचं कारण असं, की तो चुकला तर आशीर्वाद दुसऱ्या मजल्यावरच्या बुरशीवाल्यांकडे जातो. मागल्या वर्षी तसं झालं होतं, असं निदान तिसऱ्या मजल्याचं म्हणणं होतं.

मग तिनं गाऱ्हाणं मांडलं.

पेशी आपण होऊन मरायला निघते तेव्हा तिच्या आत एक गोष्ट घडते. तिला शक्ती पुरवणाऱ्या ज्या मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांच्या पोटात जन्मभर कोंडून राहिलेलं एक प्रथिन बाहेर पडतं आणि पेशीभर पसरतं. ते पसरलं की मग परतीची वाट नाही. तेंगनं त्या प्रथिनाला हिरवी चमक जोडली होती. जिवंत पेशीत ते नारळाच्या दुधात सोडलेल्या हिरव्या शेवयांसारखं दिसायचं, तंतू न् तंतू वेगळा. सुटलं की शेवया विरघळून सगळं दूधच हिरवं व्हावं, तसं. उजेड तेवढाच राहतो. कुठे दाट, कुठे विरळ, हा भेद तेवढा मिटतो. तो भेद दर दोन मिनिटांनी मोजायचा आणि आकडा कधी कोसळला ते लिहायचं. काम एवढंच. पाच वर्षं त्यातच गेली होती.

पेशी होत्या पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या. कच्चा मासा मिटक्या मारत खाणाऱ्या त्या मुलखाला हा रोग शेजाऱ्यासारखा माहीत. तेंगच्या औषधानं त्या पेशी मरतात यात कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो कशा मरतात याचा. तिचा लेख तपासणाऱ्या कुणा अनोळखी परीक्षकानं लिहून पाठवलं होतं: तुम्ही लाखो पेशींचा लगदा करून मोजलंत, त्यात हे प्रथिन दहा तास हळूहळू झिरपताना दिसतं. म्हणजे तुमचं औषध नुसतं विष आहे, पेशींना झिजवून मारतं. तुम्ही म्हणता तसं ते आतून निरोप देऊन प्रथिन एका झटक्यात सोडवत असेल, तर एकेकटी पेशी दाखवा. निदान पन्नास.

मुदत शुक्रवारी दुपारी बाराची. लेख छापल्याशिवाय पदवी नाही, आणि शिष्यवृत्ती तर त्याच महिन्यात संपत होती. तीन महिने ती पेशींचं चित्रण करत होती, आणि आजवरच्या सगळ्यात चांगल्या चित्रणात धडपणे मेलेल्या पेशी निघाल्या होत्या चार.

"आजोबा," तेंग म्हणाली, "त्यांना जाताना मला बघू द्या. जेवढ्या दिसतील तेवढी अंडी देईन. दर पेशीला एक."

मनातला हिशोब पन्नासाचा होता. फार तर साठ.

टपरीवर झेंडूच्या माळा ओवत बसलेल्या काम्पुन आजीनं मान वर केली. पंचवीस वर्षं ती त्या देवापुढे अंडी आणि उदबत्त्या विकत होती. कुणाचा नवस कानावर पडू द्यायचा नाही हे तिला जमत नव्हतं आणि जमवायचंही नव्हतं.

"पोरी, जेवलीस का?"

"नाही हो आजी."

"वाटलंच मला," आजी म्हणाली आणि पुढची माळ ओवायला घेतली.

नवस पावायला चोवीस तासही लागले नाहीत. मंगळवारी दुपारी सूक्ष्मदर्शक सांभाळणारा गोल्फ तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला. त्याच्या वडिलांना त्या खेळाचं वेड होतं म्हणून पोराचं नाव गोल्फ. पोराला स्वतःला बसून राहण्याखेरीज कशाचंही वेड नव्हतं.

"लेझर किती ठेवतेस?"

"सत्तर टक्के. नाहीतर नीट दिसत नाही."

"अगं, मग औषध पोचण्याआधी तूच मारतेस की त्यांना. एवढा उजेड माझ्या तोंडावर टाकलास तर मीही मरेन."

"मग किती ठेवू?"

"तीन. चित्र दाणेदार येईल, येऊ दे. मोजायचंय ना, घरात फ्रेम करून लावायचं नाहीये. आणि एकाच जागेवर काय टक लावून बसतेस? खालचं टेबल फिरतं त्याचं. चाळीस जागा सांगून ठेव, दोन मिनिटांत सगळीकडे डोकावून परत येईल."

"दादा, हे तीन महिने का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तीन महिने 'दादा, खोली कधी रिकामी होते' एवढंच तर ऐकतोय."

बुधवारी सकाळी तेंग आली, तेव्हा रात्रभर एकट्यानं राबून यंत्र गप्प झालं होतं. तिनं रात्रीचं चित्रण पडद्यावर भरभर चालवलं. पहिले दोन तास काही नाही. हिरव्या तंतूंच्या पेशी नुसत्या बसल्यात, प्रवचनाआधी माणसं मंडपात बसतात तशा, इकडे तिकडे बघत. मग डाव्या कोपऱ्यातली एक पेशी लख्ख सपाट हिरवी झाली. मग मधली. मग वरच्या दोघी, पाठोपाठ. मग तर कुठे कुठे बघावं असं झालं. चाळीस चौकटींत चाळीस दिवाळ्या, आणि प्रत्येक दिवा पाच-सहा मिनिटांत ज्योतीचं धुकं होऊन पसरत होता. तेंग खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. तिला गावंसं वाटलं, पण खोलीत इन्क्युबेटरखेरीज कुणी नव्हतं. मग तिनं त्यालाच गाऊन दाखवलं.

प्रत्येक पेशीची रेघ कॉम्प्युटरनं काढून दिली. सरळ, सरळ, सरळ, आणि मग कडा तुटल्यासारखी खाली. खाली कोपऱ्यात एकूण आकडा होता: अकराशे सेहेचाळीस.

तेंग त्या आकड्याकडे मायेनं बघत राहिली. आणि मग हळूहळू, पायाच्या बोटांपासून वर चढत, तिला आठवलं.

गोल्फला तिनं सांगितलं तेव्हा तो आधी हसला नाही. त्यानं शहानिशा केली.

"'साठाच्या आत' असं काही म्हणालीस का?"

"नाही."

"'जमतील तेवढी'?"

"नाही रे दादा. 'दर पेशीला एक' एवढंच. स्पष्ट आवाजात."

"पत्ताही सांगितलास?"

"जिन्याजवळची खोली, इथपर्यंत."

मग गोल्फ हसला. टेबलाला धरून हसला, भिंतीला टेकून हसला, आणि दुसऱ्या मजल्यावरचे बुरशीवाले काय झालं म्हणून वर येऊन, ऐकून, तेही हसून खाली गेले. दुपारपर्यंत साती इमारतींना कळलं होतं की आचान रातचनींच्या तेंगनं आजोबांशी घाऊक व्यवहार केलाय.

आचान रातचनी आल्या त्या वेळी कपाळावर चष्मा आणि हातात चिकट भाताची करंडी होती. अठ्ठावन्न वर्षांची ही बाई आवाज कधी चढवत नसे. चढवायची वेळच येत नसे. रेघा बघून त्या खुर्चीत बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बघू लागल्या.

"आचान, लगद्यात मग हे हळूहळू का दिसायचं?" तेंगनं विचारलं. उत्तर तिला कळलं होतं. पण आचानच्या तोंडून ऐकायचं होतं.

"देवळात प्रवचन संपलं की मंडप रिकामा व्हायला तास लागतो," आचान म्हणाल्या. "म्हणून काय एकेक म्हातारी तासभर उठत असते? उठायची ती एकदम उठते, गुडघ्यावर हात ठेवून. कुणी आधी, कुणी मागून, एवढंच. आपण आजवर मंडप मोजत होतो."

गोल्फ म्हणाला, "आचान, परीक्षकानं पन्नासच मागितल्यात. पन्नास पाठवू, पन्नास अंडी देऊ. दोघांचं समाधान."

"कोणत्या पन्नास?"

गोल्फनं सगळ्यात सरळ पडलेल्या रेघांकडे बोट दाखवलं.

"निवडलेल्या पन्नास म्हणजे आपल्या आवडीच्या पन्नास. सगळ्या पाठवायच्या. आणि अंड्यांचं म्हणशील तर," आचाननी भाताचा गोळा हातात वळला, "मी फक्त प्रबंधाची मार्गदर्शक आहे. तो मामला तिचा आणि आजोबांचा."

पण सगळ्या म्हटल्यावर एक कुसळ निघालं. अकराशे सेहेचाळीसपैकी एक्केचाळीस रेघा कड्यासारख्या पडत नव्हत्या. त्या उतरणीवरून सावकाश, तास-तासभर घसरत येत होत्या. परीक्षक म्हणत होता अगदी तशा.

"कचरा आहे तो," गोल्फ म्हणाला. "कॉम्प्युटर चुकतो कधीकधी. काढून टाक. आलेखही स्वच्छ, आणि एक्केचाळीस अंडीही वाचली."

तेंगनं रात्री अंथरुणात त्याचा विचार केला आणि तिला ते पटलं. इतकं सहज पटलं की तिला स्वतःचाच जरा संशय आला; पण झोपही आली होती. गुरुवारी सकाळी ती चिठ्ठीवर अकराशे पाच लिहून टपरीवर गेली.

काम्पुन आजी अंडी तपासत होती. पुठ्ठ्याच्या खोक्यात दिवा, वर रुपयाएवढं भोक. त्यावर अंडं धरायचं, फिरवायचं, आतला उजेड बघायचा आणि मग टोपलीत ठेवायचं. नासकं अंडं देवापुढे जाऊ द्यायचं नाही, हा तिचा नेम होता.

"अकराशे पाच," आजीनं चिठ्ठी वाचली. "तेवढ्याच मेल्या?"

"म्हणजे, आणखी एक्केचाळीस आहेत. पण त्या नीट नाही मेल्या."

"नीट नाही म्हणजे?"

"सावकाश मेल्या."

आजीनं हातातलं अंडं थांबवलं. "माझा नवरा दोन वर्षं मरत होता. म्हणून त्याला सरणावर नाही ठेवायचं होतं का?"

"तसं नाही हो आजी. त्या मशीनच्या चुका असतील, असं गोल्फदादा म्हणतो."

"असतील. तू बघितल्यास?"

तेंग टोपलीतली अंडी सरळ करू लागली.

"मी एकेक अंडं दिव्यावर धरते," आजी म्हणाली, "आणि तू म्हणे डॉक्टरीण होणार. हे घे, बघ, उगीच तोंड पाडून बसू नकोस. असं महिन्यातून एखादं निघतं."

तिनं एक लांबोडकं अंडं भोकावर धरलं. कवचातून नारिंगी उजेड फाकला आणि त्यात एक नाही, दोन गोल सावल्या डुलल्या, एकमेकींना खेटून.

"जुळं," आजी कौतुकानं म्हणाली. "बाहेरून एकच दिसतं. आत दोघी."

तेंग त्या दोन सावल्यांकडे बघत राहिली. मग ती पळाली. टपरीवर एक चप्पल राहिली आणि चिठ्ठीही.

तिसऱ्या मजल्यावर तिनं एक्केचाळीसपैकी पहिली पेशी मोठी करून लावली. कॉम्प्युटरनं तिच्याभोवती आखलेली रेघ एकच होती, पण आत बघावं तर दोन पेशी, अर्ध्या एकमेकींवर चढलेल्या, मंडपात गर्दी झाली की बायका एकमेकींच्या पदरावर बसतात तशा. खालची पाचव्या तासाला गेली, झटक्यात. वरची तासाभरानं, तीही झटक्यात. दोघींची सरासरी मात्र रमतगमत उतरत होती.

"मंडप," तेंग स्वतःशीच म्हणाली. "दोघींचा मंडप."

गोल्फ चप्पल घेऊन आला तेव्हा ती अकराव्या जोडीवर होती. तोही बसला. संध्याकाळपर्यंत सदतीस जोड्या निघाल्या आणि एक तर तिळं. प्रत्येक जोडीला गोल्फ कण्हल्यासारखा आवाज करी, कारण प्रत्येक जोडीला एक अंडं वाढत होतं.

शेवटी तीन उरल्या. तिन्ही एकेकट्या. कुठूनही बघा, कितीही मोठ्या करा, एकेकट्या. आणि तिघींनी तास-तासाहून जास्त वेळ घेतला होता.

"तीनच तर आहेत," गोल्फ म्हणाला.

"आहेत ना पण."

"तेंग, परीक्षक नेमका ह्या तिघींवर बोट ठेवेल. एवढं सगळं चांगलं झालंय, आणि तू स्वतःच्या हातानं..."

तेंगला ते ठाऊक होतं. पाच वर्षं एका पारड्यात आणि तीन आळशी पेशी दुसऱ्यात. पण दिवसभर एकेकीचं तोंड बघितल्यावर तिला त्या तिघी आता अनोळखी राहिल्या नव्हत्या. तिनं लिहिलं: एकूण पेशी अकराशे पंच्याऐंशी. त्यांपैकी अकराशे ब्याऐंशी पेशींत प्रथिन दहा मिनिटांच्या आत सुटलं. तीन पेशींत तासाहून जास्त वेळ लागला; कारण आम्हांला माहीत नाही.

शुक्रवारी बाराला वीस मिनिटं कमी असताना आचाननी ते वाचलं, 'कारण आम्हांला माहीत नाही' या वाक्यावर जरा थांबल्या, आणि पाठवा म्हणाल्या.

आता राहिला आजोबांचा हिशोब. आकडा ऐकून काम्पुन आजी आनंदली.

"चाळीस ट्रेला पंधरा कमी. आणून देईल कोंबडीवाला. उकडायला देवळातल्या कढया मागू. उद्या महाप्रवचन आहे. हजार गाथा गाणार भंतेजी, हजार भाताचे गोळे, हजार पताका. अंड्यांचं मात्र आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं."

"आजी," गोल्फ म्हणाला, "जुळं अंडं सापडलं, तर ते दोनदा धरता येईल का?"

"देवाशी घासाघीस करतोस? हा काय भाजीबाजार आहे, मेल्या?"

शनिवारी पहाट फुटायच्या आत देवळाच्या मागच्या अंगणात सहा कढया चढल्या. गोल्फ घड्याळ लावून उभा. साडेनऊ मिनिटं, ना कमी ना जास्त, आणि बायका त्याला बाजूला सारून हातानंच ठरवत होत्या. अंडी पिकअपमधून चिंचेखाली गेली, पाटावर मावेनात म्हणून चटयांवर रचली, चिंचेच्या बुंध्याभोवती पांढरी शुभ्र. तेंगनं नऊ उदबत्त्या लावल्या आणि "आजोबा, मोजून घ्या" एवढंच म्हणाली. उदबत्त्या जळून संपल्या, म्हणजे आजोबांचं जेवण झालं. मग सगळी रास प्रसाद म्हणून परत मंडपात आली.

आणि मंडपात भंतेजी गात होते. दानात पोटची मुलंही देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची ती कथा लोकांना पाठ होती, तरी आई रानात मुलांना हाका मारत फिरते तिथे भंतेजींनी सूर असा लांबवला, असा वर नेऊन तिथेच झुलवत ठेवला, की अंडं सोलणारे हजार हात थांबले. पांढरे केस, ओले डोळे, हातात अर्धं सोललेलं अंडं. सूर खाली आला तशी सगळ्यांनी नाकं पुसली आणि मिठात बुडवून अंडं तोंडात टाकलं. एका म्हाताऱ्यानं चौथं उचलत तेंगला विचारलं, कुणाचा नवस गं एवढा मोठा? तेंगनं स्वतःकडे बोट दाखवलं. "मुलगा झाला का?" "नाही आजोबा. कर्करोगाच्या पेशी मेल्या." म्हातारा विचारात पडला. "मग कमीच आहेत की अंडी," तो म्हणाला आणि पाचवं घेतलं. तेंग इतकी हसली की पुढच्या चटईवरची बाई वळून बघायला लागली. आणि मग ती चटईवर बसली आणि उरलेल्या सगळ्या गाथा संपेपर्यंत हलली नाही. शुक्रवारची धास्ती पोटात होतीच, पण तिच्यावर आता अंड्यांचं आणि गाण्याचं ओझं होतं. धास्तीला डोकं वर काढता येईना.

अकराव्या दिवशी पत्र आलं. आचाननी सगळ्यांना खोलीत बोलावलं, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वाचलं. लेख स्वीकारला होता. परीक्षकानं खाली दोन ओळी लिहिल्या होत्या: हजारांवर पेशी आणि सगळ्याच एकसारख्या, असं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्या तिघींमुळे बाकीच्यांवर ठेवला.

गोल्फ बुरशीवाल्यांना सांगायला जिन्यावरून ओरडत गेला. तेंग दुसऱ्या जिन्यानं उतरली, दोन-दोन पायऱ्या एकदम, आणि टपरीसमोर येऊन धापा टाकत उभी राहिली. काम्पुन आजीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारावं लागलं नाही.

"ह्या पत्रासाठी काही बोलली नव्हतीस ना आजोबांना?"

"नाही हो आजी. सुचलंच नाही."

"बरं झालं," आजी म्हणाली आणि स्वतःच्या डब्यातला भात तिच्यापुढे सरकवला. "बस. आधी जेव."